४ जीबी रॅमच्या सर्व्हरवर स्वॅप फाइल : सात महिन्यांच्या वापरानंतर

मशीन वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एका पतपेढीचं आहे. ४ जीबी रॅम, २४० जीबीची साटा एसएसडी, डेबियन १२ (लिनक्स). त्यावर मारियाडीबी हा डेटाबेस आणि खाते-उताऱ्यांच्या पीडीएफ काढणारं लिबरऑफिस. बसवताना स्वॅप, म्हणजे रॅम भरली की तिच्यातला मजकूर हलवायला डिस्कवर राखलेली जागा, दिलेलंच नव्हतं. मार्चअखेरीला उतारे एकदम निघू लागले की लिबरऑफिसची एकेक प्रक्रिया दोन-तीनशे एमबी खायची आणि ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की एखादी प्रक्रिया मारणारा कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) भाग, यायचा. जो सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेला त्याचा बळी आधी, म्हणजे दोष लिबरऑफिसचा आणि मरायचा डेटाबेस. कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या डीमेसेजमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’च्या ओळीत मारियाडीबीचंच नाव. एप्रिलमध्ये ४ जीबीची स्वॅप फाइल दिली, त्यानंतर ती ओळ दिसलेली नाही. ३० सप्टेंबरची सहामाहीही निभावली.

बसवणं पाच मिनिटांचं. रूट (मुख्य प्रशासक) होऊन ‘फॉलोकेट’ने ४ जीबीची फाइल, ‘सीएचमॉड’ने परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी), मग ‘एमकेस्वॅप’ने तिला स्वॅपचं रूप, मग ‘स्वॅपऑन’ने ती चालू. एमकेस्वॅप आकार ४२९४९६३२०० बाइट सांगतो. पूर्ण ४ जीबीला ४०९६ बाइट कमी. फाइलचं पहिलं पान (मेमरी ज्या तुकड्यांत मोजतात तो एक तुकडा) हेडरला जातं, चूक काही नाही. परवानगी ६४४ (सगळ्यांना वाचता येणारी) राहिली तर तो इशारा देतो, पण थांबत नाही, म्हणून ती ओळ वाचायची. ‘फाइलमध्ये छिद्रं (डिस्कवर जागाच न मिळालेले भाग) आहेत’ म्हणून स्वॅपऑनने नकार दिला, तर फाइल ‘डीडी’ने शून्यं भरून करायची: १ एमबीचे ४०९६ ठोकळे. ईएक्सटी४ या फाइल सिस्टमवर फॉलोकेट चालतो. जुन्या कर्नलवरच्या एक्सएफएसवर अडतो. बीटीआरएफएस असेल तर वेगळे नियम: कॉपी-ऑन-राइट बंद, कॉम्प्रेशन नाही, त्या सबव्हॉल्यूमचा स्नॅपशॉट नाही.

एफस्टॅबमध्ये (बूट होताना काय जोडायचं त्या यादीत) ओळ टाकली की रीबूटची वाट बघू नका. ‘स्वॅपऑफ -ए’ आणि लगेच ‘स्वॅपऑन -ए’ चालवून ‘स्वॅपऑन --शो’ बघा. फाइलचा रस्ता चुकला तर सर्व्हर उठतो, पण स्वॅपशिवाय, आणि ते थेट पुढच्या मार्चअखेरीलाच कळतं. काढून टाकलेल्या स्वॅप पार्टिशनचा जुना यूयूआयडी (ओळख क्रमांक) एफस्टॅबमध्ये राहिला असेल, तर सिस्टमडी (बूटचं काम बघणारा प्रोग्रॅम) दर बूटला ९० सेकंद त्याची वाट बघतो.

कुणी सांगत नाही ती गोष्ट बॅकअपची. स्वॅप फाइल रूट फोल्डरमध्येच असते, त्यामुळे रात्री बॅकअप घेणारा आरसिंक तीही उचलतो. ४ जीबी वाया जातात हे एक वेळ सोडा. त्यात मेमरीतली पानं असतात, म्हणजे खातेदारांची माहिती, कदाचित पासवर्डही. परवानगी ६०० ठेवून काय उपयोग, जर तीच फाइल बॅकअपच्या डिस्कवर कपाटात पडून असेल? ती फाइल वगळणारी ‘एक्सक्लूड’ची ओळ पहिल्याच दिवशी लिहा.

स्वॅपिनेस, म्हणजे कर्नलने स्वॅपकडे किती वळायचं तो आकडा, मुळात ६० असते. जो तो १० करायला सांगतो, इथेही तेच केलं होतं. पण आकडा उतरला की कर्नल प्रक्रियांची पानं हलवण्याऐवजी फाइल कॅश (वाचलेल्या फाइलींची रॅममधली प्रत) टाकून देतो, आणि मग त्याच फाइली पुन्हा डिस्कवरून वाचाव्या लागतात. उतारे निघताना ते जाणवलं, म्हणून आता ३० ठेवलं आहे. ० केलं म्हणजे स्वॅप बंद झालं असंही नाही. अगदी गळ्याशी आलं की तेव्हाही वापरलं जातं.

मेमरीचा हिशेब दाखवणाऱ्या ‘फ्री -एच’मध्ये ७०० एमबी स्वॅप वापरात दिसलं की फोन येतात. घाबरायचं कारण नाही. जुन्या वाड्यातल्या माळ्यासारखं आहे ते: वर गेलेलं सामान वर्षभर तिथेच राहिलं तर खालची खोली मोकळी. त्रास होतो तो एकसारखं शिडीवर चढ-उतार करावं लागतं तेव्हा. ती चढ-उतार ‘व्हीएमस्टॅट १’मध्ये एसआय (स्वॅपमधून आत) आणि एसओ (स्वॅपमध्ये बाहेर) या दोन रकान्यांत दिसते. दिवसभर शून्य आणि मधूनच थोडे आकडे हे ठीक. दोन्ही रकाने मिनिटभर भरलेले राहिले आणि डब्ल्यूएही (डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ) वाढला, तर मशीन कामाऐवजी हमाली करतंय. एसएसडी झिजेल ही भीती असेल तर ‘व्हीएमस्टॅट -एस’ बूटपासून बाहेर लिहिलेली पानं मोजून देतो. पान ४ केबीचं, दहा लाख पानं म्हणजे जवळपास ४ जीबी. इथला हिशेब बघता ती चिंता सोडून दिली.

चालू स्वॅप फाइल ‘आरएम’ने उडत नाही, हे बरंच आहे. आकार बदलायचा तर आधी स्वॅपऑफ, आणि तेही कामाच्या वेळेत नको: वर गेलेलं सगळं रॅममध्ये परत आणावं लागतं, जागा नसेल तर ‘कॅनॉट अलोकेट मेमरी’ म्हणून तो नकार देतो.

तक्रार एकच, आणि ती स्वॅपची नाही. सहामाहीच्या दिवशी डेटाबेस मेला नाही, पण सहा उतारे एकदम काढताना काउंटरवरचा स्क्रीन अडकत होता. आता लिबरऑफिसच्या एका वेळी दोनच प्रक्रिया चालतात, बाकीच्या रांगेत थांबतात. मारियाडीबीचा बफर पूलही (डेटा रॅममध्ये ठेवायची जागा) दीड जीबीवरून १ जीबीवर आणला. मदरबोर्डवर रॅमचा एक स्लॉट रिकामा आहे, मार्चच्या आत त्यात ४ जीबीची आणखी एक पट्टी बसेल. स्वॅप फाइल मात्र ४ जीबीचीच राहील.