जुना तयार फ्लॅट की बांधकाम सुरू असलेला? नाशिकमध्ये कर्जावर घर घेताना

गेल्या पावसाळ्यात धाकटी बहीण आणि तिचे यजमान घर शोधत होते. फिरून फिरून दोनच पर्याय उरले: इंदिरानगरमधला सोळा वर्षांचा टू-बीएचके आणि म्हसरूळला निम्मीही बांधून न झालेल्या इमारतीतला. दोन्हीकडे आकडा ४५ लाखांचाच. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ७० हजार, घरभाडं १२ हजार. एका रविवारी वही घेऊन बसलो आणि हिशेब मांडला. तोच इथे देतोय.

आधी कर्ज किती मिळेल ते. पगारातली साधारण निम्मी रक्कम हप्त्यांना जाऊ शकते असं बँक धरते, म्हणजे ३५ हजार. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षं मुदत धरली तर लाखामागे हप्ता ८६८ रुपये पडतो, म्हणून ४० लाखांपर्यंतचं कर्ज बसतं. पण गाडीचा पाच हजारांचा हप्ता चालू असेल, तर तो एकटाच पावणेसहा लाखांचं घरकर्ज खातो. बहिणीने अर्ज करण्याआधी गाडीचं उरलेलं कर्ज फेडून टाकलं. सगळ्या व्यवहारातलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच, असं मला अजूनही वाटतं.

दुसरी मर्यादा रिझर्व्ह बँकेची. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्के मिळू शकतात, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्केच. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे ४५ लाखांच्या घराला जास्तीत जास्त ३६ लाख कर्ज आणि ९ लाख खिशातून. वर सहा टक्के स्टॅम्प ड्युटी धरली तर २ लाख ७० हजार, शिवाय नोंदणीचे ३० हजार. बारा लाख रोख हाताशी नसतील तर ४५ लाखांचं घर बघायलाच जाऊ नये. हप्ता झेपतो म्हणून घर झेपतं असं नसतं.

आता इंदिरानगरचा फ्लॅट. इथे खरी मेख व्हॅल्युएशनची, म्हणजे बँक स्वतः घराची किंमत किती धरते त्याची. मालक ४५ मागतो, पण बँकेचा व्हॅल्युअर जुनी इमारत पाहून ४१ लाख लावू शकतो. मग कर्ज ४१ च्या ८० टक्के, म्हणजे ३२ लाख ८० हजार. खिशातले ९ लाख एकदम १२ लाख २० हजार होतात, आणि ड्युटी-नोंदणी धरून १५ लाखांच्या पुढे जातात. म्हणून व्हॅल्युएशन हाती येईपर्यंत किंमत पक्की करू नका. तो आकडाच घासाघीस करायला कामी येतो.

कागदांचं म्हणाल, तर नाशिकचं स्वतःचं एक दुखणं आहे: कपाट. नकाशात कपाटासाठी दाखवलेली जागा खोलीत घेतली गेली, मंजूर चटईक्षेत्र (बांधायला परवानगी असलेलं एकूण क्षेत्र) ओलांडलं गेलं आणि शहरातल्या कितीतरी इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले, म्हणजे बांधकाम मंजुरीप्रमाणे पूर्ण झाल्याची महापालिकेची कम्प्लिशन सर्टिफिकेटं, अडकली. लोक राहायला गेले, संसार थाटले, पण कम्प्लिशन नाही. मी स्वतः काही वर्षांपूर्वी अशाच एका फ्लॅटला टोकन देऊन बसलो होतो. बँकेने दाखला मागितला, मालकाकडे नव्हता, कर्ज नाकारलं गेलं. टोकन परत मिळायला आठ महिने गेले, आणि त्या आठ महिन्यांत घरात जी धुसफूस झाली ती कुणाच्या वाट्याला येऊ नये. आधी दाखला, मग टोकन.

आणखी एक विचारून घ्या: सोसायटी आहे की अपार्टमेंट? आपल्याकडे दोन्ही प्रकार आहेत. अपार्टमेंट असेल तर डीड ऑफ डिक्लेरेशन (इमारत अपार्टमेंट म्हणून नोंदवल्याचा दस्त) आणि मालकाचं डीड ऑफ अपार्टमेंट (त्याच्या फ्लॅटच्या मालकीचा दस्त) बघायचं. सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट (मालकाच्या सभासदत्वाचा कागद) आणि विक्रीला सोसायटीचं ना-हरकत पत्र. महापालिका हद्दीत सोसायटीला फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करण्यासाठी २५ हजारांच्या वर ट्रान्स्फर प्रीमियम घेता येत नाही, हे माहीत असलेलं बरं. सिडकोतली घरं भाडेपट्ट्याची म्हणून बांधली गेली, तिथले कागद वकिलाला वेगळे दाखवा.

म्हसरूळच्या फ्लॅटला व्हॅल्युएशनचा हा त्रास जवळजवळ नव्हता. तिथला प्रश्न जीएसटीचा आणि वेळेचा. नाशिकसारख्या शहरात ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट (भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्र) आणि ४५ लाखांपर्यंत एकूण रक्कम असेल तर जीएसटी एक टक्का, नाहीतर पाच. एकूण रकमेत पार्किंगसारखे आकारही येतात. ४५ लाखांवर ४५ हजार, पण पार्किंगपायी आकडा ४६ लाखांवर गेला की थेट २ लाख ३० हजार. तयार घराला, इमारतीचा दाखला मिळालेला असेल तर, जीएसटी नाहीच.

वेळेचा भार त्याहून मोठा. बँक बांधकामाच्या टप्प्याने पैसे सोडते आणि दिलेल्या रकमेवर व्याज घेते. १८ लाख दिले गेले असतील तर महिन्याला १२,७५० रुपये व्याज, वर १२ हजार भाडं, आणि मुद्दल तसूभरही कमी होत नाही. ताबा दोन वर्षांनी मिळाला तर नुसतं भाडंच २ लाख ८८ हजार. ताबा लांबला की हे दोन्ही चालूच राहतात. बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची मूळ तारीख आणि मुदतवाढ दोन्ही दिसतात, ती बघाच. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. बांधकामात दोष निघाला तर ताब्यापासून पाच वर्षं दुरुस्ती त्याच्यावर असते. जुन्या घरात असं कुणी बांधील नसतं, गळकी भिंत आपलीच.

जागा दोन्हीकडे पावसाळ्यात बघा. २००८ च्या पुरानंतर गोदावरीला निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या रेषा, आखल्या गेल्या. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीची मूर्ती किती बुडाली यावर पूर मोजणाऱ्या शहरात राहून, गोदावरीला मिळणाऱ्या नासर्डीच्या काठचं घर पूररेषेचा नकाशा न बघता घेणं मला पटत नाही.

भाडं भरणाऱ्या, दोघांच्या पगारावर चालणाऱ्या घराला मी तयार फ्लॅटच सुचवेन, दाखला असेल तर. पंचवटीत आईवडिलांच्या घरी राहणाऱ्या माझ्या सहकाऱ्याला भाडं नाही, घाईही नाही. त्याने म्हसरूळकडेच बघावं, असं मी त्याला सांगितलंय.

बहिणीने इंदिरानगरचा घेतला. व्हॅल्युएशन दाखवल्यावर मालक ४२ लाखांवर आला. खरेदीखत तिच्या एकटीच्या नावावर केलं, त्यामुळे स्टॅम्प ड्युटीत एक टक्का, म्हणजे ४२ हजार वाचले. यजमान फक्त सहकर्जदार आहेत. वाचलेल्या पैशांत त्यांनी आधी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठीच्या वर्गणीतला आपला वाटा भरला.