मुलांच्या मतावर चालणारी शाळा : लेकीच्या वर्षभराचा अनुभव

सातवीनंतर लेकीला नेहमीच्या शाळेतून काढून जुळे सोलापुरातल्या एका लोकशाही पद्धतीच्या शाळेत घातलं, त्याला आता वर्ष होत आलं. इथे इयत्ता नाहीत, तासाची घंटा नाही. काय शिकायचं ते मूल ठरवतं आणि शाळेचे नियम मुलं व मोठी माणसं मिळून करतात, प्रत्येकाला एकच मत. ओळखीतले पालक सारखे विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधली समरहिल ही शाळा १९२१ पासून चालू आहे. तिथे वेळापत्रक असतं, पण तासाला बसायचं की नाही ते मुलाच्या मर्जीवर. अमेरिकेत फ्रेमिंगहॅमला १९६८ साली निघालेली सडबरी व्हॅली त्याच्याही पुढे गेली : मुलांनी मागितल्याशिवाय तिथे तासच होत नाही. आमची शाळा या दोन्हींच्या मधली. गणित आणि इंग्रजीचे तास फळ्यावर लावलेले असतात, बाकीचे विषय कुणी मागितले तर.

सकाळी आल्यावर मूल वहीत वेळ टाकून सही करतं. मग कुणी कॅरमवर, कुणी पुस्तकात, कुणी स्वयंपाकघरात शेंगा कुटत. सहा वर्षांचं पोर आणि पंधराची मुलगी एकाच टेबलाशी बसलेली दिसतात. शिक्षकांना सगळे दादा किंवा ताई म्हणतात.

दिवाळीपर्यंत माझ्या लेकीने अभ्यास म्हणावा असं काहीच केलं नाही. गप्पा, चित्रं, कॅरम आणि पुष्कळ कंटाळा. सासूबाई रोज विचारायच्या, "आज काय शिकवलं गं?" ती सांगायची, "काही नाही, आजी." पालकांसाठी हाच काळ सगळ्यात जड जातो. दादा-ताई मुद्दाम काही सुचवत नाहीत, मागितलं तर लगेच उठतात. इतकी वर्षं दुसऱ्याने आखलेला दिवस जगलेल्या मुलाला स्वतःचा दिवस आखायला वेळ लागतो, हे मला आता पूर्ण पटलंय.

दिवाळीनंतर एका मुलाने सभेत प्रस्ताव मांडला की आमच्या घरचे माग बघायला चला. सोलापूरच्या मुलांनी चादर जन्मापासून अंगावर घेतलेली असते, पण त्यावरचा मोर कसा उमटतो ते कितीजणांनी पाहिलंय? मागावर नक्षी उमटवणारं जे यंत्र असतं, त्या जकार्डवर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरते. पट्टीला भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. लेक घरी येऊन चौकटीच्या कागदावर नक्षी काढत बसली. मोर दुप्पट मोठा करायला गेली तर चौकटी चौपट लागल्या. का, हे विचारायला ती आपणहून गणिताच्या तासाला गेली आणि अजून जाते. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेज याने आपलं गणनयंत्र भोकं पाडलेल्या पट्ट्यांनी चालवायची कल्पना जकार्डवरूनच घेतली, हे दादांनी सांगितल्यापासून तिला संगणकाचंही वेड लागलंय.

पण शाळेचा प्राण म्हणजे शुक्रवारची सभा. अध्यक्ष मूल असतं, इतिवृत्तही मूलच लिहितं. घरी तेलुगू, कन्नड, दखनी बोलणारी मुलं आहेत. अडलं की आपल्या भाषेत बोलायचं, शेजारी बसलेला मराठीत सांगतो, सगळ्यांना समजल्यावरच मतदान. उन्हाळ्याच्या तोंडावर पाण्याचा विषय निघाला. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि लहानग्यांच्या चिखलाच्या खेळात टाकी दुपारीच रिकामी झाली होती. खेळ बंद करा, अशी तक्रार आली. त्यावर एक चिमुरडा उभा राहून म्हणाला, "मोठी मुलं नळ चालू ठेवून हात धुतात, ते कोण बघतं?" शेवटी ठरलं की टाकीवर खुणा करायच्या, रोज नोंद ठेवायची आणि चिखल फक्त पाणी आलेल्या दिवशी. तो नियम अजून पाळला जातो. मोबाइल पूर्ण बंद करण्याचा एका दादांचा प्रस्ताव मात्र पडला आणि त्यांनी तो निकाल मानला. पुढे मुलांनीच जेवताना आणि सभेत मोबाइल नको, असा नियम केला. वरून लादला असता तर एवढा टिकला नसता, असं माझं मत आहे.

उणिवा आहेत. विज्ञानाची प्रयोगशाळा नावापुरतीच आहे, मैदान नाही. फी मधल्या फळीतल्या इंग्रजी शाळेएवढी, त्यामुळे ज्या घरांतल्या मुलांना अशा मोकळीकीची गरज आहे त्यांतली बरीच बाहेर राहतात, याचं मला फार वाईट वाटतं. शिवाय सडबरी व्हॅलीत शिक्षक पुढच्या वर्षी राहणार की नाही यावरही मुलं मत देतात. इथे तो निर्णय संस्थाचालकांकडेच आहे. लोकशाही म्हणायचं तर हेही सभेत यायला हवं, आणि मी तसं लेखी दिलंय.

दहावीचं काय, हा प्रश्न सगळ्यांचाच. शाळेला बोर्डाची मान्यता नाही, म्हणून मुलं राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, एनआयओएसमधून बसतात. त्यासाठी वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. किमान ५ विषय घ्यायचे, नोंदणी ५ वर्षं चालते आणि परीक्षेच्या ९ संधी मिळतात, त्यामुळे एकेक विषय सुटा देता येतो. नेहमीच्या शाळेत परतायचं झालं तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. कायद्याचं हे कलम दोन्ही आजी-आजोबांना वाचून दाखवल्यावर घर बरंच शांत झालं.

रोज गृहपाठाची वही बघितल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, त्यांनी आधी दोघांनी बसून नीट बोलून घ्यावं. मूल इथे मोकळं आणि घरी धारेवर, असं झालं तर त्याचे हाल होतात. भेट द्यायची तर शुक्रवारीच जा, पण आदल्या आठवड्यात कळवा. पाहुण्यांना सभेत बसू द्यायचं का, यावरही मतदान होतं.