टू-टी ऑइलची बनावट बाटली

दसऱ्यानंतर आमच्या राजापूर तालुक्यात आंबा-काजूच्या बागांची बेणणी, म्हणजे वाढलेलं गवत कापणं, सुरू होते. गवत कमरेएवढं आणि गडी मिळत नाहीत, म्हणून गेल्या वर्षी टू-स्ट्रोक ग्रासकटर घेतला. यजमान मुंबईला नोकरीत, बाग मीच बघते. ऐन हंगामात त्याचं टू-टी ऑइल, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल, संपलं. नेहमीच्या दुकानात नव्हतं. बाजारातल्या दुसऱ्या दुकानदाराने त्याच कंपनीची बाटली काढून दिली. छापील किंमत ४५० रुपये, त्याने २८० ला दिली. "वहिनी, बिल केलं तर हा भाव परवडायचा नाही," म्हणाला. मी बिलाशिवाय बाटली घेतली.

या इंजिनात ऑइलचा वेगळा साठा नसतो. पेट्रोलमधून जे ऑइल जातं तेवढंच पिस्टनला आणि बेअरिंगला वंगण. पुस्तिकेत प्रमाण ५०:१, म्हणजे ५ लिटर पेट्रोलला १०० मिली. मशीनबरोबर आलेल्या मापाने मी नीट मोजून घातलं, कॅन हलवून घेतला. तिसऱ्या दिवशी दुपारी मशीनचा आवाज चिरका झाला, जोर गेला आणि ते जागीच बंद पडलं. दोरी ओढली तर हलेना.

दुकानदाराकडे गेले तर चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "मिश्रण चुकलं असणार. बायकांच्या हातून मापं चुकतातच." त्या रात्री मी खरोखर माझ्याच मापावर संशय घेत बसले होते. या फसवणुकीत हेच सर्वांत वाईट आहे. मिश्रण आपण करतो, त्यामुळे इंजिन गेलं की दोष आपल्या हातावर ढकलणं फार सोपं.

मेकॅनिकने बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलिंडर, उघडून दाखवला. पिस्टनवर उभे ओरखडे, रिंग अडकलेली. उरलेलं मिश्रण त्याने काचेच्या बरणीत रात्रभर ठेवलं. सकाळी तळाला काळा गाळ. "ताई, माप तुमचं बरोबर होतं. वापरलेलं ऑइल गाळून, रंग घालून भरलंय." बाटली निरखून पाहिली तेव्हा झाकणाखालची सीलची कडी आधीच तुटलेली होती आणि बॅच नंबर बोटाने पुसला जात होता. हे दोन्ही दुकानातच दिसलं असतं. बोअर, पिस्टन, मजुरी मिळून ३,८०० रुपये गेले आणि बेणणीचे आठ दिवस वाया.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन केला. पहिला प्रश्न आला, बिल आहे का? नव्हतं.

आता बिल घेतल्याशिवाय ऑइल घेत नाही. मिश्रण आठवड्याला लागेल तेवढंच करते, कारण हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि कोकणात ओलीला काय तोटा! पूर्वी मी कोल्ड्रिंकच्या बाटलीत मिश्रण न्यायचे. मेकॅनिक त्यावर भयंकर रागावला. रंगीत पेट्रोल सरबत समजून एखादं पोर तोंडाला लावेल. आता पत्र्याचा घट्ट झाकणाचा कॅन आहे, त्यावर तारीख लिहिते. सायलेंसर निवल्याशिवाय टाकी उघडत नाही. पेट्रोल भरते तिथून चार पावलं लांब नेऊनच मशीन सुरू करते.

वाडीत हे सांगितलं तेव्हा कळलं, त्याच दुकानातून आणखी दोघांनी बाटल्या घेतल्या होत्या. एकाची अजून फोडायची होती. त्याच्याही झाकणाची कडी तुटलेलीच निघाली.