शेन्ची वान की यौग्वेई वान? चिनी वैद्यकातल्या दोन उष्ण-बल्य योगांची तुलना

कंबर-गुडघे गार पडतात, अंगात जोर नाही, रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं, अशी तक्रार चिनी वैद्याकडे नेली की बऱ्याचदा 'मूत्रपिंडातलं यांग (शरीराला ऊब देणारी शक्ती) मंदावलंय' असं निदान होतं. मग शरीराची झीज भरणारी आणि ऊब देणारी द्रव्यं एकत्र करून दिली जातात. त्यातले दोन योग (द्रव्यांची ठरावीक मिश्रणं) सर्वांत नावाजलेले आहेत आणि निवड बहुतेक वेळा या दोघांतच अडते. एक खुलासा आधीच केलेला बरा. हे मूत्रपिंड म्हणजे सोनोग्राफीत दिसणारं मूत्रपिंड नव्हे. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर यांपैकी काहीही न घेता नेफ्रॉलॉजिस्टकडे जावं.

पहिला योग जिनग्वेई शेन्ची वान ('वान' म्हणजे गोळी). इ. स. २००च्या आसपास चिनी वैद्य झांग झोंगजिंग यांनी तो सांगितला. त्यात आठ द्रव्यं आहेत. दीहुआंगचं (रेहमानिया वनस्पतीचं) मूळ ८ लियांग (जुनं चिनी वजन), शानयाओ (आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद) आणि शानझूयूची फळं ४-४. पोरिया बुरशी, झेशिएचा कंद आणि पिओनीच्या मुळाची साल ३-३. आणि ज्यांच्यामुळे योग उष्ण म्हणवला जातो ती फूझी (बचनागाच्या जातीचं मूळ) आणि दालचिनीची डहाळी फक्त १-१. म्हणजे २७ लियांगांत उष्ण भाग अवघा २. ही कंजुषी मुद्दाम केलेली आहे. मंद अग्नी 'ची' (जीवनशक्ती) निर्माण करतो आणि भडकलेला अग्नी तीच खाऊन टाकतो, असं जुनं सूत्र आहे. सोंग काळातले बालवैद्य छियान यी यांनी मुलांसाठी ही दोन द्रव्यं काढून टाकली. उरलेल्या सहांचा ल्यूवेई दीहुआंग वान आज यिन (यांगच्या उलट, शरीरातला थंडावा आणि ओलावा) भरून काढायला देतात.

दुसरा यौग्वेई वान, मिंग काळातल्या झांग जिंग्युए यांचा, १६२४ च्या ग्रंथातला. त्यांनी जुना योग समोर ठेवला आणि त्यातली पोरिया, झेशिए आणि पिओनी ही तिन्ही द्रव्यं बाहेर काढली. त्यांचं म्हणणं असं, की माणूस आधीच रिता झालेला असताना पाणी वाहून नेणारी औषधं कशाला? त्या जागी आली गोजी बेरी, अमरवेलीच्या जातीच्या एका वेलीचं बी, युकोमियाची साल, दांगग्वेईचं मूळ आणि हरणाच्या शिंगांचा सरस. डहाळीऐवजी दालचिनीची जाड साल घेतली. ही साल आणि फूझी प्रत्येकी २ लियांगांपासून सुरू होतात. गरज पडली तर साल ४ पर्यंत आणि फूझी ५-६ पर्यंत वाढवायची मुभा आहे.

त्यामुळे 'कोणता जास्त गरम' एवढ्यावर निवड करणाऱ्याची दिशा चुकते. खरा फरक निचऱ्याचा आहे. शेन्ची वान भरतो आणि काढतोही. मूळ ग्रंथात तो लघवी अडलेल्या रुग्णालाही दिलाय आणि पाणी पिऊन तेवढंच लघवीवाटे टाकणाऱ्यालाही, कारण दोन्हीकडे बिघाड पाण्याच्या कारभारात आहे. यौग्वेई वान फक्त भरतो. पाय सुजतात, अंग जड वाटतं, जीभ फुगलेली आणि ओलसर दिसते, तर माझं मत निःसंशय शेन्ची वानच्या बाजूनं. दीर्घ आजारानं माणूस वाळलाय, सूज अजिबात नाही, थंडी हाडापर्यंत गेलीय, तर यौग्वेई वान. मात्र तो पचायला जड. भूक मेलेली असेल, पोट फुगत असेल, तर सरस आणि दीहुआंग नुसते पोटात बसून राहतात. आधी पचन सुधारावं. आणि तोंड कोरडं, जीभ लालबुंद, रात्री घाम येतो, अशा माणसाला दोन्ही वर्ज्य.

आता फूझीबद्दल, कारण दोन्ही योगांत खरी जोखीम तिचीच आहे. ती आपल्या बचनागाची सख्खी बहीण. कच्च्या मुळातलं अ‍ॅकोनिटिन हृदयाची लय बिघडवतं आणि त्यावर नेमका उतारा उपलब्ध नाही. आपल्याकडे बचनागाचं शोधन गोमूत्रात करतात. तिकडे फूझी खारवून, भिजवून, उकळून घेतात. त्यात अ‍ॅकोनिटिनचं विघटन होऊन विष पुष्कळ उतरतं. काढ्यात ती इतर द्रव्यांच्या आधी बराच वेळ वेगळी उकळावी लागते. गोळीत मात्र सगळा भरवसा बनवणाऱ्यावर. झांग झोंगजिंग यांनी १५ ते २५ गोळ्या मद्यासोबत घ्यायला सांगितल्या होत्या. आज ते करू नका. मद्यात मुरवलेल्या फूझीनं विषबाधा झाल्याच्या नोंदी चीनमध्ये आहेत. ओठ किंवा जीभ बधिर झाली तर वाट न पाहता इस्पितळ गाठावं. हृदयाच्या लयीचा त्रास असणाऱ्यांनी, डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी दोन्ही योगांपासून दूर राहावं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दालचिनीच्या सालीचा योग घेऊ नये. आणि एकाच्या जागी दुसरं म्हणून बचनाग वापरण्याचा विचारही नको.

सिंगापूर किंवा टोकियोत राहणाऱ्या आपल्या माणसांना या गोळ्या दुकानात दिसतात. तिथे नावावर जाऊ नये, घटकांची यादी वाचावी. चीनच्या बाजारात 'जिनग्वेई शेन्ची वान' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत आठऐवजी दहा द्रव्यं असतात. नवी दोन म्हणजे आघाड्याच्या जातीचं न्यूशी आणि इसबगोलाच्या जातीच्या झाडाचं बी. हा बदल १२५३ च्या एका ग्रंथातला. त्यानं निचरा आणखी वाढतो, म्हणजे सूज असणाऱ्याच्या पथ्यावर पडतो आणि वाळलेल्या माणसाच्या मुळावर येतो. आठ द्रव्यांचा योग चीनमध्ये बहुधा 'ग्वेईफू दीहुआंग वान' नावानं मिळतो, पण त्यात डहाळीऐवजी साल असते. जपानात त्याला हाचिमी-जिओ-गान म्हणतात.

शाकाहारी वाचकाचा प्रश्न यौग्वेई वानमधल्या शिंगांच्या सरसापाशी येतो. तो नुसता वगळून मागवला तर योगाचा कणाच काढल्यासारखं होतं. त्यापेक्षा त्याच झांग जिंग्युए यांचा यौग्वेई यिन (इथे 'यिन' म्हणजे पेय) हा काढा पाहावा. त्यात आठच द्रव्यं आहेत, प्राणिज एकही नाही आणि ज्येष्ठमध आहे. झीज भरण्यात तो वानपेक्षा उणा पडतो, पण पोटाला सोसतो. ज्येष्ठमधामुळे रक्तदाब असलेल्यांनी मात्र तो घेताना दाब मोजत राहावा.