डबल लॅनयार्ड हार्नेस: माल चांगला, पण हुक लावायचा कुठे?

साइटवर ज्याला सरसकट 'सेफ्टी बेल्ट' म्हणतात, त्याचा सध्या सगळ्यात जास्त खपणारा प्रकार म्हणजे फुल बॉडी हार्नेस (खांदे, छाती आणि मांड्यांना बांधायचे पट्टे), दोन दोऱ्यांचा लॅनयार्ड (हार्नेसला आधाराशी जोडणारी दोरी), टोकांना मोठे स्कॅफोल्ड हुक आणि मधे झटका शोषणाऱ्या शॉक अब्सॉर्बरची पुडी. हे परीक्षण या प्रकाराचं आहे, एखाद्या कंपनीचं नाही. नावाजलेल्या कंपन्यांच्या सेटमध्ये शिवण आणि बकल सोडले तर फारसा फरक नसतो. खरा फरक पुडी आहे की नाही, इथे पडतो.

पुडी नसलेला दोरीचा सेट स्वस्त पडतो, म्हणून ठेकेदार तोच उचलतात. तो घेऊ नका. पडणाऱ्या माणसाला दोरी अचानक थांबवते तेव्हा सगळा झटका मणक्यावर आणि वरच्या अँकरवर, म्हणजे हुक अडकवलेल्या आधारावर येतो. पुडीत घडी घालून शिवलेली पट्टी असते. ती फाटत उलगडते आणि झटका ६ किलोन्यूटनच्या (साधारण सहाशे किलोच्या भाराच्या) आत ठेवते. ईएन ३५५ या युरोपीय मानकाची अटच तशी आहे. त्याच मानकाप्रमाणे पुडीसकट लॅनयार्डची लांबी २ मीटरपेक्षा जास्त नसावी आणि पट्टी जास्तीत जास्त १.७५ मीटर उलगडावी. आणखी एक गोष्ट बघून घ्या: दोन्ही दोऱ्या एकाच पुडीला जोडलेल्या असाव्यात. दोन दोऱ्यांना दोन वेगळ्या पुड्या असतील आणि दोन्ही हुक लावलेले असताना माणूस पडला, तर दोन्ही पुड्या एकदम ताण घेतात आणि झटका वाढतो.

कमरेचा पट्टा अजूनही काही दुकानांत मिळतो. अमेरिकेत पडणं अडवण्यासाठी त्याचा वापर १ जानेवारी १९९८ पासून बंद आहे. आपल्याकडे तो 'निदान काहीतरी आहे' म्हणून चालवून घेतात. सगळा झटका पोटावर आणि कमरेवर घेणारी ही वस्तू आहे.

हार्नेसबद्दल तक्रार एकच, पण मोठी: मांडीचे पट्टे. सळई बांधणारा दिवसभर उकिडवा बसतो. पॅडिंग नसलेला पट्टा जांघेत रुततो, घामाने कातडी सोलते, मग पट्टा सैल होतो आणि दुपारपर्यंत सुटून लोंबायला लागतो. मांडीचे पट्टे सुटलेले असताना माणूस पडला, तर तो हार्नेसमधून निसटतो किंवा छातीचा पट्टा गळ्यापर्यंत चढतो. त्यामुळे थोडे पैसे जास्त देऊन पॅडिंगवाला आणि दोन मापांत मिळणारा सेट घ्या. 'फ्री साइज' बारीक अंगाच्या माणसाला नीट बसत नाही. घालताना पाठीची डी-रिंग (लॅनयार्ड जोडायची कडी) धरून सेट झटकायचा, मग खांदे, छाती, मांड्या या क्रमाने पट्टे लावायचे. रिंग दोन्ही खांद्यांच्या पात्यांच्या मधोमध यावी. मांडी आणि पट्टा यांच्यामध्ये सपाट तळवा जावा, मूठ जाऊ नये.

हुक उत्तम. तोंड ५० ते ६० मिलिमीटर उघडतं आणि परांचीचा पाइप बाहेरून ४८.३ मिलिमीटरचा असतो, म्हणजे कपलॉक परांचीच्या लेजरवर (आडव्या पाइपवर) तो आरामात बसतो. मात्र सिमेंटचं पाणी सुकलं की स्प्रिंग अडकते आणि तोंड अर्धवट उघडं राहतं. तेल चोपडून उपयोग नाही, धूळ चिकटते. रोज संध्याकाळी पाण्याने धुवा.

आता मूळ मुद्दा. दोन हुक असतात ते सरकताना एक कायम लागलेला राहावा म्हणून: पुढचा लागला, की मगच मागचा काढायचा. मोकळा हुक छातीवरच्या पार्किंग लूपमध्येच अडकवायचा, हार्नेसच्या डी-रिंगला किंवा पट्ट्याला नाही. तिथे अडकवला तर पुडीला वळसा पडतो आणि ती उलगडतच नाही. हे सगळं शिकवता येतं. पण वर हुक अडकवण्यासारखं काहीच नसेल तर कामगार काय करणार? तो पायाजवळच्या सळईला अडकवतो, नाहीतर शटरिंगच्या टेकूला, नाहीतर आपल्याच हार्नेसला. गेटवरच्या माणसाला बेल्ट दिसतो, आणि तेवढ्यावर वहीत बरोबरची खूण होते.

जरा हिशेब करा. लॅनयार्ड २ मीटर, पट्टी उलगडली की १.७५, डी-रिंगपासून पायापर्यंत दीड मीटर आणि शिवाय एक मीटर मोकळीक. अँकरच्या खाली सव्वासहा मीटर मोकळी जागा हवी. मजल्याची उंची साधारण ३ मीटर असते. पहिल्या स्लॅबच्या कडेला पायाशी हुक अडकवलेला माणूस बेल्टसकट जमिनीवर आदळेल. डोक्यावर, फळीपासून २ मीटर उंच हुक लावला तरी हिशेब फळीच्या खाली सव्वाचार मीटरपर्यंत येतो, म्हणजे पहिल्या मजल्याला तोही पुरत नाही. तिथे आधी कठडा आणि जाळी हवी, किंवा डोक्यावर टांगलेला रिट्रॅक्टेबल ब्लॉक (दोरी आपोआप गुंडाळून घेणारा आणि झटका बसताच ती अडवणारा). तो खूपच महाग असतो, पण ईएन ३६० नुसार माणसाला दोन मीटरच्या आत थांबवतो. हे गणित विक्रेता सांगत नाही आणि कामाच्या परवान्याच्या कागदावरही सहसा नसतं.

अँकरला निदान १२ किलोन्यूटन, म्हणजे साधारण लहान मोटारीच्या वजनाइतका भार पेलता आला पाहिजे. परांचीच्या उभ्या पाइपच्या उघड्या टोकाला हुक लावू नका, तो वर सरकून निघतो. सांध्याजवळचा आडवा पाइप बरा, पण परांची इमारतीला बांधलेली असेल तरच. वायर रोपची लाइफलाइन (हुक अडकवण्यासाठी ताणलेली दोरी) टाकली असेल तर टोकाला प्रत्येकी किमान तीन क्लिपा, आणि क्लिपचा खोगीरासारखा भाग ताण घेणाऱ्या दोरीवर. क्लिपचा यू-बोल्ट त्या बाजूला बसवला की दोरी चेपते. ही चूक लांबून दिसते आणि तरी कोणी बोलत नाही. लाइफलाइनचा झोलही त्या सव्वासहा मीटरमध्ये वाढवून धरायचा असतो.

सेटच्या आयुष्याबद्दल: पट्ट्यांच्या पॉलिएस्टरला सिमेंटचा क्षार मानवत नाही, वेल्डिंगच्या ठिणगीने पडलेलं एक भोकही सेट बाद करायला पुरेसं आहे. साध्या साबणाने धुवा, सावलीत वाळवा. शिवणीचा दोरा वेगळ्या रंगाचा असेल तर तुटलेला टाका लगेच दिसतो, असाच माल मागा. एकदा पडणं झेललेला सेट कापून टाका. नुसता बाजूला ठेवला तर तो दुसऱ्या साइटवर पोचतो.

तपासणी कोण करणार? १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात सुरक्षा अधिकारी ५०० कामगारांपासून होता, २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेत हा आकडा २५० आहे. बहुतेक लहान साइट त्याच्याही खाली, म्हणजे जबाबदारी मुकादमावर. त्याला रोज सकाळी पाच मिनिटं आणि खराब सेट परत करण्याचा अधिकार मिळतो का, हे खरेदीच्या आधी विचारा. बेल्ट हरवला तर मजुरीतून पैसे कापणाऱ्या ठिकाणी फाटलेला बेल्ट कोणीच दाखवत नाही.

लोंबकळणाऱ्या माणसाला खाली घेण्याची सोय सेटबरोबर येत नाही. मांडीच्या पट्ट्यांनी रक्त पायातच अडतं, काही मिनिटांत शुद्ध जाऊ शकते. पाय ठेवायची सस्पेन्शन ट्रॉमा पट्टी वेगळी घ्यावी लागते, ती स्वस्त असते.

वस्तूला पाचपैकी चार. ऑर्डरमध्ये इतकं स्पष्ट लिहा: आयएस ३५२१ (भारतीय मानक) किंवा ईएन ३६१ चा हार्नेस, एकच पुडी, पार्किंग लूप, पॅडिंगचे मांडीपट्टे, लेबलवर उत्पादनाचा महिना आणि अनुक्रमांक. लेबल नसलेला सेट गेटवरूनच परत पाठवा.