भाडे स्वस्त, डिपॉझिट मात्र बुडाले: उत्तर मिनेसोटातील यूटीव्ही सहलीचा अनुभव

उत्तर मिनेसोटातील सरोवरांच्या प्रदेशात एटीव्ही किंवा यूटीव्ही भाड्याने घेऊन जंगलवाटांवर दोन दिवस फिरून यावे, असा बेत आमच्या ओळखीतील मराठी कुटुंबे पाने रंगायला लागली की हमखास आखतात. अशा सहलीत आमचे अडीच हजार डॉलरचे डिपॉझिट एका गृहस्थाने ज्या पद्धतीने गिळंकृत केले, ती पद्धत इतकी ठरीव आणि सरावाची होती की ती तपशीलवार मांडणे आवश्यक वाटते. भाडे हे येथे केवळ आमिष होते. खरा धंदा डिपॉझिटचा होता.

ज्यांना या वाहनांची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे, तर एटीव्हीला मोटरसायकलसारखे हँडल असते आणि तिच्यावर टांग टाकून बसावे लागते, तर यूटीव्हीला मोटारीसारखे स्टिअरिंग, शेजारी शेजारी आसने, पट्टे आणि डोक्यावर लोखंडी सांगाडा असतो. कुटुंबासह जाणारे बहुधा यूटीव्हीच घेतात. तिचे इंजिन आणि चाके यांच्यामध्ये रबरी ड्राइव्ह बेल्ट असतो, आणि चिखलात किंवा चढावर हळू जाताना गाडी ‘लो’ गिअरऐवजी ‘हाय’मध्ये ठेवली तर तो तापून जळतो. एक्सलच्या सांध्यांवर ग्रीस भरलेली रबरी आवरणे, म्हणजे ‘बुटे’, असतात, आणि स्टिअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणारे टाय रॉड खडकावर आपटून वाकू शकतात. या तीनही वस्तू गाडीच्या पोटाखाली किंवा आत असतात आणि उभ्याने पाहणाऱ्याला दिसत नाहीत. पुढचा सारा प्रकार या एका गोष्टीवर उभा होता.

आमची सहल ऑर ते क्रेन लेक या भागात होती. मिनियापोलिसहून ऑर चार तासांवर आहे, आणि तेथून व्हॉयेजर कंट्री या नावाने ओळखले जाणारे वाटांचे जाळे पसरलेले आहे. या वाटा स्थानिक क्लबांचे स्वयंसेवक राखतात आणि त्यासाठी राज्याचे अनुदान मिळते. आम्ही ज्याच्याकडून गाडी घेतली त्याच्या जाहिरातीत ही सर्व माहिती बिनचूक होती: वाटांची नावे खरी, नकाशे खरे, कोठे पेट्रोल मिळेल हेही खरे. फक्त एका ओळीत ‘बाउंडरी वॉटर्समधून राइड’ असे लिहिलेले होते. बाउंडरी वॉटर्स हे १९६४ च्या कायद्याने संरक्षित झालेले आणि १९७८ च्या कायद्याने आणखी बंदिस्त केलेले सुमारे अकरा लाख एकरांचे अरण्य आहे. तेथे लोक कनू, म्हणजे वल्ह्याची होडी, घेऊन जातात आणि एटीव्ही-यूटीव्हीला आत पूर्ण मज्जाव आहे. हे आम्ही फोनवर विचारले तेव्हा ‘त्याच्या कडेने जाणारी वाट, असा अर्थ’ हे उत्तर तत्काळ मिळाले. असे उत्तर ज्याच्या ओठांवर तयार असते, त्याला तो प्रश्न पूर्वीही कोणीतरी विचारलेला असतो.

इतरत्र यूटीव्हीचे भाडे दिवसाला चारशे डॉलरच्या आसपास सांगत होते. येथे ते अडीचशे होते. डिपॉझिट मात्र अडीच हजार, तेही झेलवरून, म्हणजे बँक खात्यातून थेट पैसे पाठवण्याच्या सेवेवरून, कारण ‘कार्डावर चार टक्के जादा पडतात’. दिवसाला पंचेचाळीस डॉलर भरून ‘डॅमेज वेव्हर’, म्हणजे नुकसानभरपाईतून सूट, हाही घेता येत होता, आणि तो आम्ही घेतला. करारातील बारीक अक्षरांत त्या वेव्हरमधून टायर, बेल्ट, सस्पेन्शन आणि गाडीचा खालचा भाग वगळलेला होता. ग्रॅनाइटच्या खडकांच्या आणि दलदलीच्या त्या प्रदेशात गाडीचे याखेरीज दुसरे काय मोडते, असा प्रश्न पडावा. बहुधा छप्पर.

गाडीचा ताबा दुकानात नव्हे, तर महामार्ग ५३ लगतच्या एका पेट्रोल पंपाच्या आवारात देण्यात आला. हा गृहस्थ सकाळी ठरलेल्या वेळेपेक्षा तासभर उशिरा आला आणि आल्यापासून घाई करीत राहिला. तपासणीच्या कागदावर गाडीची दोन रेखाचित्रे होती, एक वरून आणि एक बाजूने. जेथे ओरखडे असतील तेथे फुली मारायची होती. खालच्या बाजूचे चित्र त्या कागदावर नव्हतेच. त्याने स्वतः प्लॅस्टिकवरचे सात-आठ ओरखडे दाखवून मोठ्या प्रामाणिकपणे फुल्या मारल्या, ‘हे तुमच्या नावावर जायला नको’ असेही म्हणाला. वरवरच्या ओरखड्यांबाबत दाखवलेला हा चोखपणा कशासाठी होता, ते आता कळते: समोरच्याची तपासणीची भूक त्यातच भागते.

आणखी एक बाब येथेच नोंदवतो. १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्या व्यक्तीला मिनेसोटातील सार्वजनिक वाटांवर एटीव्ही चालवण्यापूर्वी सुरक्षा प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, आणि यूटीव्ही येथे त्याच वर्गात मोडते. हा गृहस्थ ‘भाड्याच्या गाडीला ते लागत नाही’ असे ठामपणे सांगत होता. माझ्या पत्नीने आणि मी राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाचा, म्हणजे डीएनआरचा, ऑनलाइन अभ्यासक्रम आधीच पूर्ण केला होता, म्हणून आमचे अडले नाही; परंतु प्रमाणपत्र नसलेल्या माणसाचा काही अपघात झाला तर त्याची तक्रार करण्याची हिंमत आपोआप कमी होते, हा त्यातला फायदा त्याच्या लक्षात नसेल असे मला वाटत नाही.

सहल उत्तम झाली, त्याबद्दल अधिक लिहिण्याचे कारण नाही. गाडी कोठे आपटली नाही, रुतली नाही, बेल्ट जळाल्याचा तो ओळखीचा करपट वास एकदाही आला नाही. परत देताना अंधार पडत आला होता. गृहस्थाने गाडीभोवती एक चक्कर मारली, ती ट्रेलरवर चढवली आणि ‘सगळे ठीक आहे, दोन-तीन दिवसांत डिपॉझिट परत येईल’ असे सांगून तो निघून गेला. ताबा परत घेतल्याची सही मागितली तेव्हा ‘कागद दुसऱ्या गाडीत आहे’ असे उत्तर मिळाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीन छायाचित्रे आणि एक बिल आले. वाकलेला टाय रॉड, फाटलेले एक्सलचे बूट आणि जळालेला बेल्ट. सुट्या भागांचे ६४० डॉलर, मजुरीचे १,०४०, आणि गाडी पाच दिवस बंद राहणार म्हणून बुडालेल्या भाड्याचे दिवसाला ३०० प्रमाणे १,५००, एकूण ३,१८०. डिपॉझिट जमा करून घेतले असून उरलेले ६८० डॉलर आठवड्यात भरावेत, अन्यथा प्रकरण वसुलीला जाईल आणि तुमचा क्रेडिट स्कोअर बिघडेल, असा मजकूर सोबत होता. ज्या गाडीचे भाडे आमच्याकडून अडीचशे घेतले, तीच गाडी नुकसानीच्या हिशेबात तीनशेची झाली होती.

त्या वेळी माझे मेहुणे पुण्याहून आमच्याकडे आलेले होते. चाकणच्या एका कारखान्यात सुट्या भागांच्या गुणवत्ता तपासणीचे काम ते कित्येक वर्षे करीत आहेत. त्यांनी पहिले छायाचित्र मोठे करून पाहिले आणि रॉड जेथे वाकला होता तेथे बोट ठेवले. तेथील रंगाला बारीक तडे गेलेले होते, त्या तड्यांतून तांबूस गंज वर आलेला होता आणि गंजाने कडेचा रंग पापुद्र्यासारखा उचलला होता. काल वाकलेल्या लोखंडाचा रंग फार तर तडकतो. गंजाने तो असा उचलला जायला कित्येक आठवडे जावे लागतात. दुसऱ्या छायाचित्रातील बूट फाटले होते हे खरे, पण बूट नुकते फाटले असेल तर चाकाच्या आतल्या बाजूला ओले, चकचकीत ग्रीस उडालेले दिसते. येथे त्याची धूळ बसून काळी, कोरडी खपली झालेली होती, आणि खपलीवर जुन्या चिखलाचे दोन निरनिराळ्या रंगांचे थर होते. ‘आमच्याकडे असा भाग पुरवठादाराने नवा म्हणून पाठवला, तर त्याला गेटवरूनच परत पाठवतात,’ असे मेहुणे म्हणाले.

निर्णायक पुरावा मात्र यंत्रात नव्हता. रॉडच्या त्या पहिल्या छायाचित्राच्या वरच्या कोपऱ्यात, एका स्प्रूसच्या बुंध्याशी, मळकट बर्फाचा वितळत आलेला ढीग दिसत होता. आमची सहल सप्टेंबरच्या अखेरीची होती, बर्चची पाने पिवळी झालेली होती आणि बर्फाचा मागमूसही नव्हता. हे आम्ही लेखी कळवले तेव्हा ‘चुकून जुने छायाचित्र गेले, नवे पाठवतो’ असे एका ओळीचे उत्तर आले. नवे छायाचित्र आले नाही आणि आमचे फोन लागेनासे झाले. पुढे रॉचेस्टरच्या एका तेलुगू सहकाऱ्याकडे सहज विषय निघाला, तेव्हा त्याच्या भावालाही तोच रॉड, तोच बर्फाचा ढीग आणि जवळपास तेवढ्याच रकमेचे बिल गेल्याचे समजले.

पैसे परत मिळवण्याचे मार्ग पाहता झेलचा आग्रह कशासाठी होता ते उघड होते. क्रेडिट कार्डावरील व्यवहाराला १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग अॅक्टचे संरक्षण असते. बिलातील चूक ते बिल आल्यापासून साठ दिवसांत बँकेला लेखी कळवून वाद उपस्थित करता येतो. झेलने तुम्ही स्वतः पाठवलेले पैसे मात्र बँक सहसा परत मागवून देत नाही, आमच्या बँकेनेही दिले नाहीत. आपल्या मोटारीच्या विम्यावरही विसंबू नये, कारण अशा भाड्याच्या यूटीव्हीला तो बहुतेक वेळा लागू होत नाही, आणि क्रेडिट कार्डासोबत मिळणाऱ्या भाडेगाडीच्या विम्यातून रस्त्याबाहेर चालणारी वाहने सहसा वगळलेली असतात.

त्यामुळे जे कोणी असा बेत आखत असतील त्यांनी डिपॉझिट क्रेडिट कार्डावर ‘होल्ड’ म्हणूनच, म्हणजे रक्कम न देता फक्त अडकवून, ठेवावे आणि ते मान्य नसेल तर गाडी घेऊ नये, मग भाडे कितीही कमी असो. गाडी ट्रेलरवरून उतरल्यावर जमिनीवर आडवे होऊन, फोनचा दिवा लावून, चारही चाकांच्या मागचा भाग, टाय रॉड आणि बुटे यांचे सलग चित्रीकरण करावे, आणि त्यात डॅशबोर्डवरील तास व मैलांचे आकडे, तसेच मागच्या बाजूची नोंदणीची पट्टी व तिची मुदत यावी. परत देताना हेच पुन्हा, भाड्याने देणारा शेजारी उभा असताना करावे. कपडे मळतात, मागचे लोक हसतात आणि अर्धा तास जातो. सरळ व्यवहार करणाऱ्याची त्याला हरकत नसते. क्रेन लेकजवळच्या ज्या दुकानात आम्ही नंतर चौकशी केली, तेथील बाईंनी तर ‘आम्ही गाडी रॅम्पवर चढवूनच दाखवतो’ असे आपणहून सांगितले.

आम्ही राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे ग्राहक तक्रार केली आहे आणि कन्सिलिएशन कोर्टात दावा दाखल केला आहे. या न्यायालयात वकिलाशिवाय उभे राहता येते आणि वीस हजार डॉलरपर्यंतचे दावे चालतात. आमची सुनावणी व्हर्जिनिया या गावी व्हायची आहे. तेलुगू सहकाऱ्याच्या भावाने आपला जुना मेसेज तारखेसह देण्याचे मान्य केले आहे. स्प्रूसच्या बुंध्याशी बर्फाचा ढीग असलेले वाकलेल्या रॉडचे छायाचित्र आणखी कोणाला आले असेल, तर त्यांनी ते पुसू नये. मूळ मेसेज, त्याची तारीख आणि पैसे पाठवल्याची नोंद हे तिन्ही एकत्र जपून ठेवावे.