जीएनएमचे (नर्सिंग डिप्लोमाचे) बेसिक स्किल्स फ्लिप्ड क्लासरूमने शिकले, त्याचा रिव्ह्यू

ॲडमिशन घेणाऱ्या मुली सारखं विचारतात म्हणून लिहितेय. कॉलेजचं नाव देत नाही. आमच्याकडे नर्सिंग फंडामेंटल्सचं लेक्चर घरी मोबाईलवर बघायचं आणि स्किल लॅबमध्ये आल्यावर थेट हाताने करायचं. 2007 च्या सुमारास अमेरिकेत कोलोरॅडोच्या दोन केमिस्ट्री शिक्षकांनी, बर्गमन आणि सॅम्स यांनी, तास बुडालेल्या पोरांसाठी लेक्चर रेकॉर्ड केले, तिथून ही पद्धत गाजली.

मला खूप आवडली, आणि कारण म्हणजे बीपी. हात हृदयाच्या लेव्हलला टेकवून ठेवायचा, नाडीवर बोटं ठेवून दंडावरचा पट्टा (कफ) फुगवायचा, नाडी लागेनाशी झाली की त्याच्याही वर अजून 30 मिमी न्यायचं आणि मग सेकंदाला 2-3 मिमीने हवा सोडायची, हे व्हिडिओ थांबवून थांबवून कितीही वेळा बघता येतं. पण पहिला ठोका कानाला ओळखू येणं व्हिडिओत नाहीच, तिथे मॅडमच लागतात. आमच्याकडे दोघींना एकदम ऐकता येतं असा टीचिंग स्टेथो आहे, मॅडम शेजारी बसून विचारतात, "आला का गं? बघ, आत्ता आला!" सुरवातीला सगळ्यांचाच व्हॉल्व्ह झटकन सुटतो, काटा धाडकन खाली येतो, मग मॅडम आपल्या बोटांवर बोटं ठेवून तो हळू फिरवून दाखवतात. सगळ्या बॅचला एकच डेमो असता तर एवढा वेळ कुठून मिळाला असता?

हँडवॉशचंही तसंच, 40 ते 60 सेकंद म्हणजे नक्की किती हे बेसिनपाशी उभं राहिल्यावरच कळतं.

आता तक्रार. व्हिडिओ सगळे इंग्लिश आणि बाहेरच्या देशातले. मराठी मीडियमच्या मुली सबटायटल वाचतील का हात बघतील? शिवाय त्यात सगळं पॅकबंद डिस्पोजेबल, आणि वॉर्डात गेलं की समोर ऑटोक्लेव्हचा (वाफेने निर्जंतुक करायचा) ड्रम, त्यातलं सामान उचलायचा चीटल फोर्सेप आणि किडनी ट्रे. आमच्याच मॅडमनी आमच्याच ट्रॉलीवर मोबाईलने शूट केलं तरी चालेल, पण मराठीत करा ना! आणि काही जणी न बघताच येतात, मग मॅडम पहिल्यापासून सांगत बसतात आणि बघून आलेल्यांचा हातावरचा वेळ जातो. लॅबच्या दारातच चार प्रश्न विचारले पाहिजेत.

5 पैकी 4. ॲडमिशनआधी लॅब स्वतः जाऊन बघा, एका मॅडममागे किती मुली असतात आणि क्लिनिकलनंतर संध्याकाळी लॅब उघडी ठेवतात का, हे नक्की विचारा.